वाचता न येणाऱ्या मुलाची तपासणी कोणत्या भाषेत?

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. सगळ्या वर्गासमोर वाचायला उभं केलं की त्याच्या मानेवर घाम यायचा, म्हणून मी त्याला सतरंजीवर माझ्या शेजारी बसवून वाचून घ्यायचे. एके दिवशी त्याच्या वहीत मोठ्या, सुट्या अक्षरांत एक ओळ लिहून दिली: 'धरणाच्या भिंतीवर माणसं उभी होती.' पहिल्या अक्षरावर बोट ठेवून तो म्हणाला, "घ... घर... घरणा..." आणि थांबला. घरणा असा काही शब्द नसतो हे त्याचं त्यालाच कळलं. पुन्हा मागे आला. "ध... धरणाच्या." पुढे 'भिंतीवर'पाशी बोट अडकलं. "मि... मिंती..." परत थांबला. पाच शब्दांची ती ओळ संपायला मिनिटाच्या वर वेळ गेला. संपल्यावर मी विचारलं, "भिंतीवर कोण उभं होतं?" त्याला सांगता येईना. सगळी ताकद अक्षरं ओळखण्यातच खर्ची पडली होती.

हाच मुलगा कविता दोनदा ऐकली की तिसऱ्यांदा चालीवर म्हणून दाखवायचा. उसाच्या खेपेला ट्रॉलीत किती टन बसतात, गाळपाच्या दिवसांत गाडी किती वाजता नंबरला लावावी लागते, हे सगळं त्याला तोंडपाठ. वर्गात कोणी पडलं-झडलं तर मोरीवर नेऊन जखम धुणारा पहिला तोच. दुसरीत असताना त्याच्या प्रगतिपत्रकावर मी माझ्या हाताने 'वाचन चांगले' असं लिहिलं होतं. तेव्हा तो पुस्तक समोर धरून अख्खा धडा घडाघडा म्हणायचा. पुस्तकाचं पान भलतंच उघडं आहे, हे बघायला मी कधी खाली वाकले नाही. दोन वर्षं वाया गेली ती माझ्यामुळे. हे मी मोकळेपणाने लिहिते, कारण पुढे जे म्हणायचं आहे त्याची सुरुवात माझ्या चुकीपासूनच होते.

1896 साली इंग्लंडमध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या हुशार मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. या मुलाला काही केल्या वाचता येत नव्हतं. त्याच्या शिक्षकांचं मत त्यांनी त्यात नोंदवून ठेवलं आहे: सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. वाचन-अक्षमतेवरच्या, म्हणजे डिसलेक्सियावरच्या, अगदी सुरुवातीच्या वैद्यकीय नोंदींपैकी ही एक, आणि तिच्यात सर्वांत नेमकं निरीक्षण वर्गात शिकवणाऱ्या माणसाचं आहे. सव्वाशे वर्षांनंतर आपण तपासणीची जी व्यवस्था उभी केली आहे तिच्यात त्या माणसाला जवळजवळ जागा नाही, आणि मुलाच्या भाषेला तर त्याहून कमी.

माझं म्हणणं एवढंच आहे. मराठीत शिकणाऱ्या मुलाची तपासणी मराठीत झाली पाहिजे, ती तिसरीच्या आसपास झाली पाहिजे, आणि तिच्यातून निघणारा कागद आधी शिक्षकाच्या हातात पडला पाहिजे, परीक्षा मंडळाच्या नंतर.

त्या मुलाला घेऊन त्याचे वडील आणि मी जिल्ह्याच्या ठिकाणी तीन खेपा घातल्या. एसटीने जायला अडीच तास. पहिल्या खेपेला डोळे आणि कान तपासले, आणि ते योग्यच होतं; ऐकू कमी येत असेल किंवा चष्मा लागत असेल तर तेच आधी बघायला हवं. दुसऱ्या खेपेला बुद्ध्यांक. तिसऱ्या खेपेला वाचन-लेखनाची चाचणी. प्रत्येक खेपेला वडिलांचा दिवसाचा रोज बुडत होता.

तिसऱ्या खेपेला ज्या मानसतज्ज्ञ होत्या त्या तरुण होत्या आणि मनाने फार चांगल्या. त्यांनी मुलाला आधी बिस्किट दिलं, त्याच्याशी शेळ्यांबद्दल गप्पा मारल्या. मग कपाट उघडून त्या मला म्हणाल्या, "मॅडम, माझ्याकडे इंग्रजीची चाचणी आहे, हिंदीची आहे. मराठीची नाही." आमच्या शाळेत 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे खरी, पण चौथीच्या मुलाचं इंग्रजी म्हणजे रंगांची नावं, प्राण्यांची नावं आणि दोन-चार गाणी. हिंदी तर आमच्याकडे पाचवीपर्यंत नव्हतीच. शेवटी त्यांनी माझ्याच पिशवीतलं तिसरीचं पुस्तक मागून घेतलं, त्यातला एक उतारा त्याला वाचायला लावला, आणि चुका स्वतःच्या वहीत टिपून घेतल्या. त्यांनी शक्य होतं ते सगळं केलं. चाचणी मात्र एका भाषेची, मूल दुसऱ्या भाषेचं, आणि निकाल अंदाजाने लावलेला.

अहवाल सहा पानांचा आला. सगळा इंग्रजीत. वडिलांना तो वाचता येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि मलाही शब्दकोश घेऊन बसावं लागलं. आकडे, तक्ते, टक्के. शेवटच्या पानावर दोन ओळी: रेमेडिअल टीचिंग (मागे पडलेल्या मुलाला वेगळं शिकवणं) द्यावं, परीक्षेत जादा वेळ द्यावा. सोमवारी सकाळी साडेदहाला या मुलाला घेऊन मी नेमकं काय करायचं, हे त्या सहा पानांत कुठेही नव्हतं.

मराठीत तपासणी म्हणजे इंग्रजी चाचणीचं भाषांतर, असं कोणाला वाटत असेल तर तो मोठा गैरसमज आहे. इंग्रजीत एकाच अक्षराचे पाच उच्चार होतात, म्हणून तिथे वाचन-अक्षमता असलेलं मूल चुकीचं वाचतं आणि स्पेलिंगमध्ये ठेचकाळतं. मराठीत अक्षर आणि उच्चार यांची जोडी बरीच घट्ट आहे. त्यामुळे आपलं मूल पुष्कळदा शेवटी बरोबर वाचतं, पण फार सावकाश वाचतं. इटालियन, जर्मन अशा भाषांतही हेच दिसून आलं आहे: चुका कमी, वेग मंद. म्हणजे मराठी मुलाची तपासणी करताना घड्याळ लावायला हवं. नुसत्या चुका मोजणारी चाचणी अशा मुलाला पास करून घरी पाठवते, आणि घरी सगळ्यांना वाटतं, वाचतो की, आळशी आहे झालं.

दुसरी गोष्ट अक्षरांची. घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष या जोड्या आपल्या लिपीच्या आहेत. इंग्रजीत बी आणि डी उलटे दिसतात म्हणून सगळ्या जगाला माहीत झालं, पण आमच्या मुलाचं बोट अडकतं ते घ आणि ध यांच्या डोक्यावरच्या छोट्याशा फरकावर. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर बोलायची. रफार बसतो पुढच्या अक्षरावर, पण उच्चारायचा त्याच्या आधी. 'सूर्य' लिहिताना मूल 'सुय' लिहितं, 'पुस्तक'चं 'पुतक' होतं. जोडाक्षरातला अर्धा व्यंजन कुठे पळून जातो, हे बघायला मराठी शिकवलेलं माणूस लागतं.

आणि याहून बारीक एक गोष्ट आहे, जी मला स्वतःला पंधरा वर्षं शिकवल्यावर कळली. आम्ही मुलांना शब्दाचे तुकडे पाडायला टाळ्या वाजवायला लावतो. 'पावसाळा' म्हटलं की मुलं तीन टाळ्या वाजवतात: पाव, सा, ळा. कानाला तीनच ऐकू येतात, कारण मराठीत बोलताना मधला 'अ' आपण गिळतो. कागदावर मात्र अक्षरं चार. ज्याचं वाचन सुरळीत आहे तो ही तफावत न कळत सांधून घेतो. वाचन-अक्षमता असलेलं मूल इथेच पडतं. चार आणि चाक या दोन शब्दांत 'चा' एकच लिहितो, पण उच्चार दोन वेगळे. 'जग' हा शब्द दुनिया या अर्थाने एक आणि जगण्याच्या अर्थाने दुसरा. या जागा कोणत्याही परभाषेच्या चाचणीत येणार नाहीत. त्या आपल्याच बोलण्यातून शोधाव्या लागतात.

आकड्यांचंही तसंच आहे. 'पंचवीस' ऐकून मुलाने 52 लिहिलं, तर मराठी न जाणणारा तपासनीस लगेच अंक उलटे लिहिल्याची खूण करील. पण मराठीत आपण पाच आधी बोलतो आणि वीस नंतर. मुलाने ऐकलं तसं लिहिलं. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचण्याची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर मुलांना नेमकं कुठे अडतं हे शांतपणे समजावून सांगत होत्या, आणि बाहेर भाषा बुडाल्याची ओरड चालली होती. मी त्या वेळी दुसरीला शिकवत होते. ज्या मुलांना आकडे लवकर येतात त्यांना दोन्ही पद्धती सारख्याच. ज्यांना येत नाहीत त्यांच्यासाठी तो बदल म्हणजे पावसात कोणीतरी डोक्यावर धरलेली छत्री होती. त्या वादात या मुलांबद्दल कोणी बोललं नाही.

मराठीत चाचणी अजिबातच नाही असंही नाही. हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये 'डाली' नावाची चाचणी तयार केली. तीत हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे, आणि ती पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहे. ही भाषांतरित चाचणी नाही, त्या त्या भाषेतल्या मुलांवर बेतून केलेली आहे. सरकारी पैशातून झालेलं हे काम माझ्या तालुक्यात आजवर कोणाच्या टेबलावर मी पाहिलेलं नाही. उलट जानेवारी 2018 मध्ये केंद्र सरकारने विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित यांतल्या अशा अडचणी; बोलीत एलडी) कशी तपासायची याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत प्रमाणपत्रासाठी बंगळूरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणी नेमून दिली. ती चाचणी वाईट आहे असं मी म्हणत नाही. अनेक वर्षं अनेकांनी ती वापरली आहे. पण त्या सूचनांप्रमाणे प्रमाणपत्राची वाट एका चाचणीतून जात होती आणि मुलाची भाषा दुसऱ्या चाचणीत आहे, तर व्यवस्थेने दोन्ही एकत्र आणायला नकोत का?

त्याच सूचनांत एक फार चांगली गोष्ट लिहिलेली होती. तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शाळेतल्या शिक्षकांनीच प्रत्येक मुलाची चाळणी करायची. सरकारी शाळा असो की खाजगी. म्हणजे कागदावर तिसरी होती. प्रत्यक्षात माझ्या ओळखीतली बहुतेक मुलं तपासणीला जातात ती नववी-दहावीत, बोर्डाचा फॉर्म भरायची वेळ आली की. याचं कारण उघड आहे. आपल्याकडे या विषयाची सुरुवातच परीक्षेतल्या सवलतींपासून झाली. मुंबईत 1990 च्या दशकात पालक आणि डॉक्टर मंडळींनी नेटाने प्रयत्न केले, 1996 मध्ये महाराष्ट्र डिसलेक्सिया असोसिएशन उभी राहिली, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेचं तपासणी केंद्र चाललं, आणि दहावीच्या परीक्षेत या मुलांना जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुका माफ, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित अशा सवलती मिळू लागल्या. देशात त्या वेळी याबाबतीत महाराष्ट्र पुढे होता आणि त्या लोकांचे उपकार मोठे आहेत. केंद्राच्या कायद्यात ही अक्षमता यायला 2016 साल उजाडलं. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात ती नव्हतीच.

पण सवलतीपासून सुरुवात झाल्यामुळे लोकांच्या डोक्यात तपासणी म्हणजे सर्टिफिकेट आणि सर्टिफिकेट म्हणजे दहावी असं समीकरण बसलं. "एलडीचं काढून घ्या, गणित सुटेल," असं मी शिक्षकांच्या तोंडून ऐकलं आहे. गणित सुटतं खरं, पण त्याबरोबर गणित लागणाऱ्या पुढच्या वाटाही बंद होतात, हे त्या मुलाला कोणी समजावून सांगत नाही. आठव्या वर्षी वाचायला शिकवलं असतं तर पंधराव्या वर्षी गणित सोडावं लागलं नसतं, असं मला अनेक मुलांच्या बाबतीत वाटतं. जादा वेळ हा हक्क आहे आणि तो मिळायलाच हवा. 2021 मध्ये नीट परीक्षेत लेखन-अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला नियमाप्रमाणे मिळायचा एक तास केंद्रावर मिळाला नाही, तेव्हा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्यांना खडसावलं. पण ज्याला वाचायलाच शिकवलेलं नाही त्याच्या हातात तासभर जादा दिला तर तो त्या तासाचं काय करील?

माझ्या एका सहकाऱ्याने मला एक प्रश्न विचारला होता, आणि तो खरा प्रश्न आहे. तो म्हणाला, "असरचा, म्हणजे ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचा, अहवाल बघ. 2022 मध्ये देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं 42.8 टक्के निघाली. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना वाचता येत नाही. या सगळ्यांना डिसलेक्सिया आहे का?" अर्थातच नाही. कोरोनात शाळा बंद होत्या, कित्येक मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, कुठे एका शिक्षकाकडे चार वर्ग आहेत. शिकवलंच नाही म्हणून वाचता येत नाही, अशी मुलं ढीगभर. त्यांच्यावर अक्षमतेचा शिक्का मारणं हा अन्याय होईल, आणि आपल्या कमी पडलेल्या शिकवण्याचं खापर मुलाच्या मेंदूवर फोडल्यासारखं होईल.

पण याच कारणासाठी तपासणी शाळेतून सुरू व्हायला हवी. नीट शिकवलं की बहुतेक मुलं सरकतात. आम्ही दोन वर्षांपूर्वी मागे पडलेल्या चौदा मुलांचा वेगळा गट केला, रोज पाऊण तास, तीन महिने. अकरा मुलं पुढे गेली. तीन मुलं तेवढंच शिकवूनही जागची हलली नाहीत. त्या तिघांना तपासणीची गरज होती. दवाखान्यातल्या खोलीत दोन तास मुलाला भेटणाऱ्या तज्ज्ञाला हा फरक दिसणं अवघड आहे. त्यांच्यासमोर येतं ते वाचता न येणारं मूल. त्याला किती आणि कसं शिकवलं गेलं याची माहिती फक्त शाळेकडे असते. म्हणून माझी मागणी अशी की शिक्षकाच्या तीन महिन्यांच्या लेखी नोंदी हा तपासणीचा पहिला भाग मानला जावा. बुद्ध्यांकाच्या आकड्याइतकंच त्यांना वजन असावं. खरं तर 2018 च्या सूचनांत बुद्ध्यांकाच्या आकड्यामुळे आणखी एक गोष्ट होत होती: तो 70 ते 85 च्या मध्ये निघाला की मूल अध्ययन अक्षमतेत बसत नव्हतं, आणि मतिमंदत्वातही बसत नव्हतं. मधल्या मुलांना कोणतंच दार नव्हतं. वाचायला शिकवण्याची गरज मात्र त्यांनाही तेवढीच.

काही पालक म्हणतात, शिक्का नको. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, फक्त विचारते की आत्ता त्याला शिक्का नाही का? 'ढ', 'दगड', 'मठ्ठ', 'लक्षच नाही' हे सगळं मुलं चौथीपर्यंत ऐकत आलेली असतात. त्यापेक्षा अडचणीचं खरं नाव बरं. आमच्या मुलाच्या आईला मी समजावून सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली, आणि मग म्हणाली, "म्हंजी ह्यो मुद्दाम करत न्हाय तर."

व्यवस्था उभी करायला सगळं नव्याने करावं लागेल असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी 2013 पासून शाळाशाळांत येते आहे. डॉक्टर येतात, वजन-उंची घेतात, दात बघतात, हृदयाची आणि कानाची मोठी दुखणी त्यांच्यामुळे कितीतरी मुलांची वेळेत सापडली. त्या कार्यक्रमाच्या तीस आजारांच्या यादीत अध्ययनाच्या अडचणीही आहेत. पण वाचन तपासायला त्या गाडीत कोणी नसतं. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आहेत. ते अनेक वर्षं कंत्राटी होते, एकेकाकडे दहा-दहा शाळा आहेत, आणि त्यांचा बराच वेळ माहिती भरण्यात जातो. त्यांना मराठी चाचणीचं प्रशिक्षण द्या, चाचणीची पेटी द्या, त्या गाडीबरोबर तिसरीच्या वर्गात पाठवा. जिल्ह्याला जायचं ते फक्त शेवटच्या शिक्कामोर्तबासाठी आणि तेही एका खेपेत. शहरात खाजगी तपासणीला काही हजार रुपये मोजता येतात, म्हणून तिथली मुलं सापडतात. आमच्याकडची मुलं सापडत नाहीत आणि मग लोकांना वाटतं, हा इंग्रजी माध्यमाचा आजार आहे.

अहवाल कसा असावा, तेही सांगते, कारण हे मी त्या तीन खेपांनंतर स्वतः शिकले. त्या मानसतज्ज्ञांना मी नंतर फोन केला आणि विचारलं, मी करू काय? त्यांनी अर्धा तास बोलून मला जे सांगितलं ते त्या सहा पानांपेक्षा मोलाचं होतं. एका वेळी दोनच अक्षरं घ्यायची, आणि ती दिसायला सारखी नकोत. घ शिकवताना ध जवळही आणायचा नाही. घ पक्का झाल्यावर तीन आठवड्यांनी ध. अक्षर वाळूत बोटाने काढायचं, काढताना तोंडाने आवाज करायचा. शब्द आधी कानाने तोडायचा, मग कागदावर जोडायचा. 'पावसाळा'साठी मी चार खडे मांडले, तीन टाळ्या वाजवल्या आणि त्याला दाखवलं की हा 'व' बोलताना दबून जातो, लिहिताना मात्र उभा राहतो. तो त्या खड्याकडे बघत राहिला आणि मग स्वतःच 'हरभरा' घेऊन बसला. टाळ्या तीन, खडे चार. 'सरपण'. टाळ्या दोन, खडे चार. एवढं एका पानात, मराठीत लिहून दिलं असतं, तर माझ्यासारख्या कोणत्याही शिक्षकाला ते करता आलं असतं.

मोठ्या माणसांबद्दल लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. दुसऱ्या खेपेहून परत येताना एसटीत त्या मुलाचे वडील खिडकीबाहेर बघत मला म्हणाले, "बाई, माझं बी आसंच हुतं. मास्तर म्हणायचं ह्यो दगड हाय. सातवीला सोडली शाळा." वाचन-अक्षमता घराण्यात चालत येते, आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलात असण्याची शक्यता पुष्कळ वाढते, हे मी वाचलं होतं. शेजारच्या सीटवर ते बसलं आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ते वीस वर्षं ट्रॅक्टर चालवतात. वजनकाट्याची पावती घरी बायको वाचते. कारखान्याच्या टोळीवर त्यांना मुकादम करायचं ठरलं होतं, त्यांनी नको म्हणून सांगितलं. मुकादमाला हजेरीची वही ठेवावी लागते. नको का म्हणाले, हे त्यांनी बायकोशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं.

2016 च्या कायद्यात वयाची अट नाही. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणात अध्ययन अक्षमताही धरलेली आहे. पण निम्हान्सच्या चाचणीचे दोनच स्तर आहेत: पाच ते सात वर्षं आणि आठ ते बारा वर्षं. 2018 च्या सूचनांप्रमाणे मुलाचं प्रमाणपत्र चौदाव्या वर्षी आणि अठराव्या वर्षी पुन्हा काढायचं होतं. अठराव्या वर्षीच्या माणसाला बारा वर्षांच्या मुलाच्या चाचणीने मोजायचं, आणि चाळिशीच्या माणसाकडे तर बघायचंच नाही. ज्या पिढीला शाळेत कोणी तपासलं नाही ती आता ट्रॅक्टरवर आहे, गिरणीत आहे, बचतगटाच्या बैठकीत वही दुसरीकडे सरकवते आहे. त्यांना आरक्षण नको असेल. आपल्याला दगड म्हणणारा मास्तर चुकला होता, एवढं जरी कोणी तपासून सांगितलं तरी त्याची किंमत त्यांना आहे. एसटीतून उतरताना वडिलांच्या चेहऱ्याकडे बघून मला ते कळलं.

मुलगा आता सातवीत आहे. ओळ वाचायला अजून इतरांपेक्षा वेळ लागतो, पण वाचलेलं त्याला सांगता येतं. पुढच्या वर्षी तो चौदाचा होईल आणि प्रमाणपत्रासाठी पुन्हा जिल्ह्याला जावं लागेल. या वेळी त्याच्या मराठीच्या वह्या, चार वर्षांच्या माझ्या नोंदी आणि घड्याळ लावून घेतलेल्या वाचनाचे कागद मी पिशवीत घालून ठेवले आहेत. अहवालाचं एक पान मराठीत द्या अशी विनंती करणारा अर्जही लिहून ठेवला आहे. परवा वडील शाळेत आले होते, त्यांना तो अर्ज वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्यातच माझं बी नाव घालता येतंय का बगा." खाली दोन ओळींची जागा होती. मी त्यांचं नाव आणि वय लिहिलं.